एक साल आन वर एक दिवस

न्हाई बाबा, सुतळी टाकली न्हाई. तुमी सपनात येऊन इचारून राह्यले म्हून सांगते. चहाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात हाय, झाकण गंजलं पण गाठी जशाच्या तशा. मागच्या हप्त्यात लेक फोनवर म्हणली, "आई, ते भंगार सगळं देऊन टाक, घर मोकळं कर." मी म्हणलं, "घर मोकळंच हाय माय. मी तेवढी राह्यले, मला बी देऊन टाक भंगारात." ती रडायलाच लागली. तिला मस्करी कळत न्हाई, बापावर गेली. तिचा बाप जाऊन चार सालं झाले. त्याला बी कळायची न्हाई, पण तो निदान चिडायचा. आता मी फोटोला चिडिवते. "आज बी दाढी न्हाई केली का वो?" म्हणते. फोटो चिडत न्हाई. चिडणारं माणूस घरात नसलं की बाबा, भाजीत मीठ घातलं का न्हाई हे बी ध्यानात येत न्हाई. म्हून मंग तुमाला लिहायला बसले. कॅलेंडरचे जुने पानं हायेत, मागून कोरे. तुमाला वाचता येत न्हाई हे मला ठावं हाय. तुमाला वाचून दाखवायला मीच लागते. त्याच्यातच तर सगळं लफडं हाय.

आपली ती खोली आठवते का? घनसावंगीच्या अलीकडं, मालकाच्या गोठ्याच्या मागं. भिंत मालकाची, दार मालकाचं, चुलीत जळायच्या पऱ्हाट्या बी मालकाच्याच वावरातल्या. तुमी सालगडी. पाडव्याला साल धरायचं आन दुसऱ्या पाडव्याला सुटायचं, आशी रीत. पण तुमचं कधी सुटलंच न्हाई. ज्या रोजी सुटायचं त्याच रोजी मालक नवी घोंगडी आन धोतरजोडी पुढं करायचे, तुमी पाय धरायचे, की झालं नवं साल चालू. आज्याचं बी तसंच. निजामाच्या राजवटीतल्या धामधुमीत मालकाच्या बापानं आज्याला कडब्याच्या गंजीत लपिवलं आन जीव वाचिवला. आज्यानं त्यांच्या पायावर हात ठिवून म्हणलं, "आता मी आन माझे लेकरं तुमचे." आज्या बोलून मोकळा झाला. अडकले तुमी.

संध्याकाळी तुमी बैलं बांधून यायचे, पाय धुवायचे आन चुलीपाशी बसून म्हणायचे, "हं, वाच." मी सातवीला. कोणता बी धडा चालायचा तुमाला. भूगोल आसो का नागरिकशास्त्र, तुमी भाकर मोडत मोडत आसं ऐकायचे जसं काय कोणी पाव्हणा दूरच्या गावाचं सांगून राह्यलाय. माय तव्यावर भाकर टाकायची, आजी कोपऱ्यात लसूण सोलायची. आन मी मधीमधी माझ्या पदरचं घालायचे. कापसाचा धडा आसला की बोट ठिवून वाचायचे, "काही काही बोंडातून कापसाच्या जागी जिलेबी निघते." तुमी मान हालवायचे. आजी लगेच धरायची. तिला एक अक्षर येत न्हवतं, पण ती म्हणायची, "ए भवाने, हे पुस्तकात हाय का तुझ्या तोंडात?" मंग माय हासायची, मी हासायचे, आन तुमी सगळ्यात मागून हासायचे. तुमी जिलेबी खरी मानायचे का माझं मन राखायचे, हे मला आजवर कळलं न्हाई.

तेच्यातच तो सरंजामशाहीचा धडा आला. मधल्या काळातल्या राजा-सरदारांचा. मी वाचून राह्यले, तुमी ऐकून राह्यले. जमीन सगळी राजाची. पण राजा एकटा किती संभाळणार, म्हून त्यानं ती सरदारांला वाटून देली. त्याच्या बदल्यात सरदारांनी लढाईच्या वख्ताला घोडे आन माणसं घेऊन यायचं. सरदारानं बी त्यातला तुकडा आपल्या खालच्याला देला, त्याच बोलीवर. आसं उतरत उतरत सगळ्यात खाली भूदास. त्याची जमीन न्हाई, तोच जमिनीचा. जमीन दुसऱ्या सरदाराकडं गेली की हा बी तिच्यासंगं गेला. हप्त्यातले तीन रोज सरदाराच्या वावरात फुकट राबायचं. दळण सरदाराच्याच चक्कीवर, भाकर सरदाराच्याच भट्टीत, आन दर खेपेला त्यातलं थोडं तिथंच ठिवून यायचं. लेकीचं लगीन त्याला इचारून. आन बदल्यात काय, तर दुश्मन चालून आला की किल्ल्याचं दार उघडून आत घेयाचं.

"बराबर हाय," तुमी म्हणले. "चक्की मालकाचीच आसती."

माय म्हणली, "तीनच रोज? बरं हाय की वो त्याचं. आपले सात."

"गंजीत लपिवणं आन किल्ल्यात घेणं एकच की," आजी म्हणली.

पुढं लिव्हलेलं व्हतं, सरदार राजापुढं गुडघे टेकतो, आपले दोन्ही हात जोडून राजाच्या हातात देतो, राजा ते आपल्या दोन्ही हातांत धरतो, आन मंग सरदार सांगतो, मी तुमचा माणूस. तुमचा घास हातातच राह्यला. "हात धरतो?" तुमी म्हणले. "राजा सोता त्याचे हात धरतो?" मी म्हणलं, व्हय. तुमी आपल्या हाताकडं पाह्यलं. "आमी तर पाय धरतो," म्हणले. पुस्तकात हाय म्हून मी हासले न्हाई. न्हाई तर हासले आसते.

पाडवा पंधरा रोजावर आला आन मालकानं तुमाला वसरीवर बलावून घेतलं. "पोर आता हाताखाली आली तुझी. पाडव्यापसून घरात धाड तिला. भांडे, शेणपाणी करंल. तिच्या लग्नाचं आमी पाहू." तुमी म्हणले, "जी." घरी येऊन पाय धुतले आन चुलीपाशी बसले, पण "वाच" म्हणले न्हाई. आजीनं तुमच्या तोंडाकडं पाहून वळखलं आन खोदून खोदून काढून घेतलं. माय चुलीपुढून उठलीच न्हाई. मला कसं झालं सांगू? त्या घरातली मोठी वाडगी, राखंचा ढीग आन ती मोरी, सगळं डोळ्यांपुढं आलं. आधी तिथं एक म्हातारी भांडे घासायची, तिच्या बोटांचे नखं गेल्ते सगळे. मी दुसऱ्या संध्याकाळी मुद्दाम तोच धडा काढला. "भूदासाचे लेकरं बी जन्मल्यापसून सरदाराचेच," मी वाचलं. तुमी ताट सरकावलं. मंग मी पुढची ओळ वाचली. भूदास पळून शहरात गेला, तिथं एक साल आन वर एक दिवस राह्यला, आन तेवढ्या मुदतीत सरदारानं त्याला धरून नेलं न्हाई, तर तो मोकळा. त्याचे लेकरं बी मोकळे.

"परत वाच."

परत वाचलं. सात खेपा वाचून घेतलं तुमी.

आजीनं लसूण खाली ठिवला. "पोरी, हे पुस्तकात हाय का तुझ्या तोंडात?"

"पुस्तकात हाय आजी. तुझी शप्पथ." आन व्हतंच ते पुस्तकात. त्या रोजी मी काही घातलं न्हाई, काही काढलं न्हाई.

दुसऱ्या रोजी मी गुरुजींला इचारलं. ते म्हणले, "अगं हे विलायतेकडचं हाय, सातशे वर्सांमागचं. आपलं काय त्यात!" मी घरी आले, भाकर खाल्ली, झोपले. तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. इथवरची आन पळून आल्याची गोष्ट मी सगळ्यांला सांगितलेली हाय बाबा. लग्नाकार्यात बायका गोळा झाल्या की म्हणायच्या, ती तुझ्या बापाची गोष्ट सांग. मी हातवारे करून सांगायचे. माझ्या नवऱ्यानं जन्मात एकच मस्करी केली, ती बी याच्यावरच. म्हणला, "तुझा बाप पळाला बराबर, पण सातशे वर्सं लेट." त्या रोजी त्याला मी दुसऱ्यांदा चा करून देला.

पाडव्याच्या सकाळी मालक घोंगडी घेऊन वसरीवर बसलेले, आन आपून पहिल्या मोटारीत. एक पत्र्याची पेटी, एक पाटा, माझं इतिहासाचं पुस्तक. माझी परीक्षा राह्यली ती राह्यलीच. आजी न्हाई आली. म्हणली, "मी कामून पळू? मला उचलून न्यायला चार गडी लागतील, तेवढे सरदाराकडं न्हाईत." धाकला काका दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायचा, त्याच्यापाशी ती राह्यली. मोटार सुटली तव्हा तिनं खिडकीतून माझा गालगुच्चा घेतला, आसा जोरात की जालन्यापतूर दुखत व्हता. "वाच नीट," म्हणली.

जुन्या जालन्यात आडतीच्या दुकानांमागं बोळीत खोली. तुमी हमाल झाले, माय आन मी धान्य निवडायला बसलो. पहिल्याच रोजी तुमी पोत्याच्या तोंडाची सुतळी मागून आणली आन रोज एक गाठ चालू केली. मला इचारलं, साल पाडव्याचं धरायचं का तारखंचं. मी म्हणलं, तारखंचं, तीनशे पासष्ट. आन वर एक. नियम सगळे तुमीच बनिवले. गावाकडच्या मोटारी थांबायच्या त्या बाजूला जायचं न्हाई. आपल्याकडचं माणूस दिसलं की पोत्याची खोळ नाकापतूर वढायची. बाकीचे हमाल म्हणायचे, "काय गा, नवरी का तू? तोंड दाखवायचे किती घेशील?" तुमी पोतं उचलायचे आन निघायचे. मी दाळीतले खडे निवडता निवडता हासून लोळायचे.

तुमाला करमत न्हवतं हे मला दिसायचं. संध्याकाळी उंबऱ्यात बसून हात नुसते मोकळे ठिवायचे, कासरा धरल्यासारखे. एकदा म्हणले, "तांबड्याला पाणी पाजलं आसंल का कोणी?" माय म्हणली, "मालकाचा बैल हाय, मालक पाजंल." तुमी म्हणले, "मालक कशाला पाजतो. तो माझ्याच हातानं प्यायचा." त्या बोळीत कोणी कोणाला वळखत न्हवतं. गावाकडं शंभर जण हाक मारायचे, इथं फकस्त मुकादम. मी तव्हा चिडिवलं, "बाबा, तुमी पळालेला भूदास हाय का पळालेला बैल?" तुमी हासले. आता मीच तशी बसते उंबऱ्यात, सांजच्याला, हात मोकळे ठिवून. कोणी चिडवत न्हाई.

दिवाळीच्या आधी मालकाची ज्वारी आली दुकानावर. तुमी खोळ घेतली आन त्यांच्याच गाडीवरचे पोते उतरिवले. मालक बाजूलाच उभे. तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणले, "हळू रे बाबा, फुटंल." तुमी घरी आले ते तोंडभर हासत. "वळखलं न्हाई! बिलकुल न्हाई!" आपून त्या रोजी गूळ-शेंगदाणे खाल्ले. मला आता वाटतं, तोंड झाकून उपयोग काय व्हता? मालकानं तुमाला जन्मभर पाठीकडूनच पाह्यल्तं, आन पाठ तर उघडी व्हती.

शिमग्याच्या आधी काका आला. सुतळीच्या पस्तीस गाठी राह्यल्या व्हत्या. काका दारातच म्हणला, "दादा, आईचं काही खरं न्हाई. अन्न सोडलंय. तुझंच नाव घेऊन राह्यली. चाल जल्दी, दुपारची मोटार सापडंल." तुमी सुतळी हातात घेतली. काका म्हणला, "कसला कायदा लावून बसला तू? कोण तुला धरतंय?" तुमी सुतळी घेऊन आत आले. मधी एक गोष्ट हाय, ती आत्ता न्हाई सांगत. थोड्या वेळानं तुमी बाहीर जाऊन काकाला म्हणले, "पस्तीस राह्यल्या. न्हाई येता येत." काका तुमच्या तोंडावर थुकायचा राह्यला. पाणी बी न पेता गेला. तिसऱ्या रोजी निरोप आला. तुमी मातीला बी गेले न्हाई. त्या संध्याकाळी गाठ मारताना तुमचे बोटं चालंनात, माय म्हणली मी मारते, तुमी आमा दोघींला बी हात लावू देला न्हाई.

मंग साल भरलं, वर एक दिवस झाला. आपून दोघं गावाला गेलो. तुमी धुतलेलं धोतर नेसलं, खोळ न घेता भर गावातून चालले. मालक वसरीवर. तुमी पाय धरले न्हाई, समोर उभे राह्यले आन सुतळी पुढं केली. "मालक, साल भरलं. वर एक दिवस." मालकानं सुतळीकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं. "इकायला आणली का रे? मला न्हाई लागत सुतळी. बरं, बस, चा घे." चा घेऊन आला तो नवा सालगडी. त्याच्या खांद्यावर तुमची घोंगडी. आपून पळालो त्या पाडव्याच्या तिसऱ्याच रोजी ठिवला व्हता त्याला. मोरीवर त्याचीच बायकू भांडे घासत व्हती. मला सगळं तव्हाच समजलं बाबा, तेरा वर्सांची व्हते तरी. सालभर आपल्यामागं कोणीच न्हवतं. कोणी हुडकलंच न्हाई आपल्याला.

पण तुमाला तसं न्हाई दिसलं. बाहीर येऊन तुमी म्हणले, "पाह्यलं? शब्द बी काढला न्हाई. कायदा म्हणजे कायदा." मंग आजीला जिथं माती देली तिथं गेलो. तुमी वहाणा काढल्या. "आई," म्हणले, "कायदा कडक व्हता माय. तुला कळलं आसंल." मी पायानं खडे उडवत व्हते. मला त्या रोजी मस्करी सुचली न्हाई.

पुढं तुमी लई जगले. माझे दोन्ही लेकरं अंगाखांद्यावर खेळवले. धान्याच्या मोंढ्यात कोणी नवा हमाल आला, मालकाच्या कटकटीनं आलेला, की तुमी त्याला सांगायचे, साल भर आन वर एक दिवस, पुस्तकात हाय, माझ्या लेकीनं वाचलंय. एक जण तर खरंच बायकू-लेकरं घेऊन आला, आन त्याला बी कोणी धराया आलं न्हाई. मंग तर तुमचं पुस्तक पक्कंच झालं. मी तिथंच बसलेले आसायचे, पदर तोंडाला लावून. लोकांला वाटायचं हासू दाबतीय.

पत्र कुठं टाकायचं, मला बी ठावं न्हाई. टाकणार बी न्हाई. डब्यात सुतळीखाली ठिवते. लेकीला सापडलं तर ती भंगारात देईल, बरंच हाय. पण ती मधली गोष्ट राह्यली ना.

काका बाहीर वट्ट्यावर बसल्ता. माय त्याच्यासाठी पाणी भरत व्हती. तुमी पेटीतून पुस्तक काढलं आन माझ्यापुढं धरलं. हळूच म्हणले, "बघ बरं पोरी, आई आजारी आसली तर एक रोज जाता येतं का. लिव्हलं आसंल काही तरी. नीट बघ." मी पानं उलटले. मला एवढंच दिसत व्हतं की तुमी गेले की मालक तुमाला ठिवून घेणार आन मला त्या मोरीवर बसायचंय. मी एका पानावर बोट ठिवलं आन धडा वाचतात तशा आवाजात वाचलं, "आई मरणाला टेकली तरी साल पुरं व्हईस्तोवर भूदासानं गावात पाय ठिवू नये." तुमी पुस्तकाकडं न्हाई, माझ्या तोंडाकडं पाहात व्हते. आजी आसती तर तिनं इचारलं आसतं. तुमी इचारलं न्हाई.

माझ्या तोंडात व्हतं, बाबा. त्या पानावर एक बी अक्षर न्हवतं, नुसतं किल्ल्याचं चित्र व्हतं.